स्टेशनपासून पाच मिनिटांवर

मुंबईत नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. आता जागा बघायला लागाल. त्याआधी हातातला शहराचा नकाशा बाजूला ठेवा. त्यात दादर, पार्ले, माहीम अशी नावं असतात आणि ती वाचून नवखा माणूस उगाच हळवा होतो. तुम्हाला लागतो तो लोकलचा नकाशा. त्यावर मोजक्या रेघा असतात. एक चर्चगेटहून विरारला जाते; २०१३ पासून ती डहाणू रोडपर्यंत ताणली आहे. दुसरी सीएसएमटीहून कल्याणला जाते आणि तिथे तिला फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे, एक कर्जत-खोपोलीकडे. तिसरी हार्बर, पनवेलची. यांपैकी ऑफिसच्या रेघेवर बोट ठेवायचं आणि खिशाला विचारत विचारत ते बाहेरच्या दिशेने सरकवायचं. जिथे खिसा ‘हं’ म्हणेल तिथे तुमचं घर. परिसराची निवड म्हणतात ती एवढीच. शाळा, बाग, वाचनालय, शेजार हे सगळं नंतर, आणि पदरात पडेल ते.

ही व्यवस्था रेल्वेने घालून दिलेली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा तिला १४ डबे होते आणि आत ४०० पाहुणे. म्हणजे डब्याला तीसही नाहीत. मुंबईहून निघालेले सगळेच्या सगळे ठाण्यापर्यंत बसून गेले, असं त्यानंतर संध्याकाळच्या गाडीत कधी घडल्याचं ऐकिवात नाही.

एजंटाशी बोलणे

एजंट शोधावा लागत नाही. जाहिरातीवर एकदा बोट टेकलं की तो तुम्हाला शोधतो, आणि त्याचे भाऊबंदही शोधतात. तो तीन प्रश्न विचारतो: बजेट किती, फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज. बजेट ऐकल्यावर तो क्षणभर गप्प होतो. घाबरू नका, तो तुमचं बोट सरकवतो आहे. मग म्हणतो, “या बजेटमध्ये ठाण्यात नाही मिळणार साहेब, पण ठाण्याच्या जरा पुढे एकदम मस्त आहे.” जरा पुढे म्हणजे कुठे, हे लगेच विचारावं. पुणेसुद्धा ठाण्याच्या पुढेच आहे.

बॅचलर असाल तर फॅमिलीसारखं वागण्याची हमी द्यावी लागते. एकटी मुलगी असाल तर सोसायटीचे सेक्रेटरी काका तुमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवतील. त्यालाच ते सुरक्षितता म्हणतात. आणि काही सोसायट्यांमध्ये बांगडा तळायचा तर वातावरण बघावं लागतं, हे गावाकडच्या आजीला फोनवर सांगू नये. तिला वाटेल तुम्ही परदेशात राहता.

पत्त्याच्या बाबतीत सावध असावं. गिरण्या गेल्या, टॉवर आले, आणि टॉवरवाल्यांना लोअर परळमधलं ‘लोअर’ सोसवेना, तेव्हा बिल्डरांनी त्याचं अप्पर वरळी केलं. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत काही फरक पडला नाही, दरात पडला. हीच युक्ती कल्याणच्या आसपासही चालते. भातशेताच्या मधोमध इमारत उभी करायची, तिला बारा किलोमीटरवरच्या शहराचं नाव द्यायचं आणि आधी ‘न्यू’ लावायचं. ब्रोशरवरचं शहर विचारू नका, सातबाऱ्यावरचं गाव विचारा.

आता पाच मिनिटांबद्दल. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ हे वाक्य खोटं नसतं. रविवारी सकाळी अकराला, एजंटाच्या ॲक्टिव्हावर मागे बसून, एकेरी रस्त्यावर उलट घुसून गेलात तर पाचच मिनिटं लागतात. सोमवारी सव्वाआठला तेच अंतर निराळं असतं. आधी सोसायटीच्या गेटपर्यंत चालायचं. मग नाक्यावर शेअर रिक्षाची लाइन. रिक्षात मागे तीन बसतात आणि चौथा पुढे, ड्रायव्हरच्या सीटच्या उरलेल्या कडेवर, एक हात वरच्या नळीला आणि एक पाय हवेत. परवान्यात चौथा नाही, रिक्षात आहे. परिसरात नवीन आलेला माणूस हा बहुधा चौथाच असतो. रिक्षा स्टेशनच्या बऱ्याच अलीकडे थांबते, कारण पुढे भाजीवाले, मोबाइल कव्हरवाले आणि दुसऱ्या रिक्षा. तिथून स्कायवॉक, मग पूल, मग जिना, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून इंडिकेटर वाचणारी माणसं. एव्हाना पाच मिनिटांची पंचवीस झालेली असतात, आणि तुमच्या हिशेबात प्रवास जिथून सुरू होत होता ती गाडी अजून यायचीच आहे.

जागा पाहणे

जागा पावसाळ्यात पाहावी. मालकांना हे पसंत नसतं म्हणून ते मार्चमध्ये दाखवतात. मार्चमध्ये गेलात तर भिंतीचा खालचा भाग बघा. गुडघ्यापर्यंत रंगाची छटा वेगळी दिसली तर “डिझाइन आहे” असं उत्तर मिळेल. तिथे वाद घालू नका. खाली उतरून तळमजल्यावरच्या किराणावाल्याकडे जा, एक बिस्किटाचा पुडा घ्या आणि सुटे पैसे परत घेता घेता विचारा, “शेठ, पाणी कुठवर आलं होतं?” आलं होतं का, असं विचारलं तर तो “छे” म्हणेल, त्यालाही दुकान चालवायचं आहे. कुठवर, असं विचारलं की त्याचा हात आपोआप साबणाच्या फळीवर जातो. “हितपर्यंत. तूरडाळीची अख्खी गोणी गेली.” मग तो सालं सांगतो. त्यातलं २००५ सोडून द्या. त्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या पाण्यावरून कुठल्याच वस्तीला नापास करू नये. पण त्यानंतरची सालं तो बोटांवर मोजायला लागला तर पुडा उचला आणि दुसरी जागा बघा.

बदलापूर-वांगणीच्या बाजूला हे विशेष करून बघावं, कारण तिथून उल्हास नदी वाहते. जुलै २०१९ मध्ये तिच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकून पडली आणि हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले. नदीकडच्या ‘रिव्हर व्ह्यू’ फ्लॅटचा दर जास्त का असतो, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

नळ सोडून बघण्यात अर्थ नाही. तुम्ही येणार म्हणून टाकी भरून ठेवलेली असते. “पाणी चोवीस तास” असं मालक सांगेल. टँकर दिवसाला किती येतात, हे वॉचमनला विचारा. त्याला या व्यवहारात काही सुटत नाही, त्यामुळे तो खरं बोलतो. वीज, लिफ्ट आणि सेक्रेटरी यांच्याबद्दलही त्यालाच विचारावं.

हवेचं काय? डोंबिवलीत एमआयडीसीच्या कडेला स्वस्त जागा दिसली तर जरा इतिहास आठवा. २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला होता. २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री आले. इथपर्यंत हसून घेता येतं. २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात तिथल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसं गेली आणि लांब लांबच्या घरांच्या काचा फुटल्या. तेव्हा स्टेशन किती लांब हे विचारताना बॉयलर किती लांब, हेही विचारून घ्या.

रात्रीची एक फेरी मारावी, आणि घरातल्या बाईने मारावी. पुरुषांना रात्री साडेदहाचा रस्ता दिसतच नाही, त्यांना फक्त अंतर दिसतं. रात्रीच्या लेडीज डब्यात वर्दीतला पोलीस असतो. तो स्टेशनात राहतो. पुढचा रस्ता तुमचा तुम्हाला चालायचा असतो. दिवे लागलेत का, मेडिकलचं दुकान उघडं आहे का, त्या वेळी रिक्षा मीटरने येते की तोंडाला येईल तो आकडा सांगते, एवढं बघितलं तरी पुरे.

कागद

हा भाग नवशिके वगळतात. विकत घेणार असाल तर अजिबात वगळू नका. महारेराचा नंबर ब्रोशरवर ठळक छापलेला असतो आणि तो बघितला की आपल्याला झोप लागते. डोंबिवलीत ६५ इमारती अशा निघाल्या की त्यांच्या महापालिकेच्या परवानग्याच बनावट होत्या, आणि त्या बनावट कागदांवर महारेराची नोंदणी मिळवलेली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. आत माणसं राहत होती, बँकांचे हप्ते भरत होती. म्हणून परवानगीचा कागद घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जावं आणि हा तुमचाच का, असं विचारावं. तिथला माणूस “उद्या या” म्हणेल. उद्या जावं.

इमारत पूर्ण झालेली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ओसी म्हणतात ते, मागा. “येतंय, पंधरा दिवसांत” हे त्याचं ठरलेलं उत्तर असतं; काही इमारतींत मुलांची लग्नं झाली तरी ते पंधरा दिवस चालूच आहेत. आणि वस्तीतल्या इतरांपेक्षा फारच स्वस्त, फारच घाईत उठलेली इमारत दिसली तर शिळफाटा आठवा. ४ एप्रिल २०१३ रोजी तिथली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं मेली. वर मजले चढत होते आणि खाली लोक राहायला आलेले होते.

भाड्याने राहणाऱ्यांचं थोडं सोपं आहे. करार ११ महिन्यांचा असतो. “अकराच महिन्यांचा आहे, रजिस्टर कशाला?” असं ऐकवतील. महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम तसं सांगतं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. मालकाला हे कलम सांगताना आवाज नम्र ठेवावा, डिपॉझिट त्याच्याकडे आहे.

गाडी

खरं शिक्षण इथून पुढे.

इंडिकेटर वाचायला शिका. कल्याणला के, ठाण्याला टी, अंबरनाथला ए, इथपर्यंत ठीक. कर्जतला एस आणि कसाऱ्याला एन. का, असं विचारण्यात गाडी जाते.

चढण्यापूर्वी आपण कुठले हे विसरू नये. कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत डोंबिवलीकराने संध्याकाळी चढणं म्हणजे घुसखोरी समजली जाते, कारण डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर आणि कर्जत १००. ज्याला शंभर किलोमीटर जायचं आहे त्याने अठ्ठेचाळीसवाल्याला सीट का द्यावी, असा साधा हिशेब आहे. विरार फास्टमध्ये बोरिवलीकराचं तेच. बोलाचालीवर भागलं तर ठीक; नाहीतर त्याला दारापर्यंत पोचूच देत नाहीत आणि विरार दाखवून आणतात.

फास्ट गाडी सकाळी डोंबिवलीत भरून येते. त्यामुळे अनुभवी डोंबिवलीकर मुंबईला जाण्यासाठी आधी उलट कल्याणला जातो, तिथे रिकाम्या होणाऱ्या गाडीत बसतो आणि आपल्याच स्टेशनवरून पुन्हा जातो. खिडकीतून खालच्या गर्दीकडे तो बघत नाही, पेपर उघडतो. हे जमवायचं असेल तर पास कल्याणपासूनचा काढा. टीसींना ही युक्ती तुमच्या आधीपासून माहीत आहे.

बाक तिघांचा असतो आणि त्यावर चौघं बसतात. चौथ्या सीटवर माणूस बसलेला नसतो, टेकलेला असतो. वजन एका मांडीवर, दुसरा पाय वाटेत. ती मागण्याची रीत आहे. “बसू का” म्हणायचं नाही. बाकाच्या कडेला उभं राहून काही न बोलता हात किंचित हलवायचा, माशी वारल्यासारखा. तिघं मोबाइलवरून नजर न काढता सरकतात. न सरकणारा माणूस नवा असतो किंवा फर्स्ट क्लासचा पास संपलेला.

लेडीज डब्यात मात्र कारभार पद्धतशीर चालतो. आत शिरताक्षणी बसलेल्या बाईला विचारायचं:

“कुठे?”

“ठाणा.”

“ठाण्यानंतर कुणी?”

“ती निळी ओढणी.”

“ती कुठे?”

“घाटकोपर.”

“मग घाटकोपरनंतर माझी.”

झाला व्यवहार. पावती नाही, साक्षीदार नाही, टोकन नाही. तुमच्या नोंदणी झालेल्या भाडेकरारापेक्षा हा पक्का असतो. मोडणारीला पुढचे कित्येक महिने त्या डब्यात कुणी शेंगदाणासुद्धा विचारत नाही. डब्याची एक जागा धरून रोज तीच गाडी पकडली की तुम्ही ग्रुपमध्ये येता. मग वाढदिवसाचा वडापाव, गणपतीची वर्गणी, निवडलेल्या मेथीची जुडी आणि कुणाच्या सुनेचं काय चाललंय हे सगळं मिळतं. सोसायटीत चार वर्षं राहून शेजारच्यांचं आडनाव कळत नाही, पण गाडीतली बाई दोन दिवस दिसली नाही तर फोन जातो. शेजार चांगला आहे का, असं जागा घेताना विचारतात ना, तो शेजार इथे असतो.

दारात उभं राहू नका, असं प्रत्येक मार्गदर्शक सांगतो, मीही सांगतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन बाजूंनी आलेल्या गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून रुळांवर पडली, आणि त्यातली काही घरी परतली नाहीत. ती हौसेने दारात उभी नव्हती. आत शिरायला जागा नव्हती आणि मस्टरवर सही करायची वेळ झालेली होती. म्हणून परिसर सुरक्षित आहे का, हे विचारताना गेट, कॅमेरे आणि वॉचमन यांच्याआधी एक प्रश्न विचारा: सकाळी आठच्या सुमाराला या स्टेशनावरून डब्याच्या आत शिरता येतं का? नसेल येत तर तो परिसर सुरक्षित नाही, मग सोसायटीला तीन गेटं असोत.

गाव

आता गावांबद्दल, थोडक्यात, कारण इथे प्रत्येकाचं मत पक्कं असतं आणि वाचून ते बदलत नाही.

ठाणे छान आहे. बोट तिथे थांबलं तर पुढचं वाचू नका. घोडबंदर रोडला जागा असेल तर मात्र ठाणे स्टेशनला पोचणं हाच एक स्वतंत्र प्रवास आहे. डोंबिवलीला नाटक, व्याख्यान, दिवाळी पहाटेला फडके रोडवर नटूनथटून आलेली तरुणाई, सगळं आहे. एक गोष्ट नाही ती म्हणजे सकाळच्या गाडीत जागा. दिव्यात भाडं कमी, आणि गाडी येते तीच भरलेली. तिथली स्वस्ताई गाडीच्या दारात वसूल होते. बदलापूरहून दीड तासाच्या वर लागतो, पण तिथून गाड्या सुटतात. बसून दीड तास आणि लोंबकळत पाऊण तास यांत मी बसून दीड तास घेईन. पन्नाशी आली की तुम्हीही घ्याल. नालासोपारा-विरारला हाच हिशेब लावा, फक्त कागद दोनदा तपासा.

नवी मुंबईचं वेगळं. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि तिने रस्ते आधी आखले, घरं नंतर बांधली. या भागात ही विक्षिप्त कल्पना समजली जाते. नोकरी ऐरोली-वाशीकडे असेल तर तिथेच राहा आणि लोकांना सांगत फिरू नका. सीएसएमटीला जायचं असेल तर हार्बरवर फास्ट लोकल नाही, प्रत्येक स्टेशनचं दर्शन घ्यावं लागतं. अटल सेतू झाल्यापासून एजंट “वीस मिनिटांत मुंबई” म्हणतात. पूल २१.८ किलोमीटरचा आहे आणि सुरू झाला तेव्हा मोटारीचा एकेरी टोल २५० रुपये होता. रोज जाऊन-येऊन त्याचे महिन्याला किती होतात ते काढा आणि तो आकडा भाड्यात मिळवा. मोटारीची किंमत त्यात धरलेली नाही.

मेट्रो येणार आहे म्हणून कुठेही जागा घेऊ नका. येते, पण तिच्या वेळेने. खांब बघून घेतलेल्या जागेत दहा वर्षं खांबच बघावे लागतात. धावणाऱ्या मेट्रोजवळ घ्या, परवडलं तर.

एवढं करून एक जागा पसंत पडेल, आणि एजंट लगेच म्हणेल की दुसरी पार्टी तयार आहे, आजच टोकन द्या. देऊ नका. एक सोमवार हाताशी ठेवा. सकाळी आठला त्या सोसायटीच्या गेटमधून निघा, शेअर रिक्षाच्या लाइनीत उभे राहा, चौथे बसा, सेकंड क्लासचं रिटर्न तिकीट काढा आणि ऑफिसच्या दारापर्यंत जा. संध्याकाळी सहानंतर त्याच वाटेने परत या. सोबत घरात राहणार आहे त्या प्रत्येक कमावत्या माणसाने हेच करावं, एकाने दुसऱ्याच्या वतीने करू नये. मंगळवारी सकाळी सगळ्यांचं अजूनही ‘हो’ असेल तर टोकन द्या, चेकने द्या आणि पावती घ्या.